गाडीची खांदेमळणी

भाद्रपदातली अमावास्या उद्यावर आली होती आणि सोनबा आप्पांच्या दावणीला बैल नव्हता. तसा तो बऱ्याच वर्षांत नव्हता. महाळुंग्याच्या वरच्या अंगाची त्यांची जमीन कंपन्यांखाली गेली, पाठोपाठ बैलजोडी गेली, आणि गोठ्याचा पत्रा तेवढा राहिला. त्या पत्र्याखाली आता पांढरी सात आसनी गाडी उभी राहायची. मुलाने, दादासाहेबाने, ती कंपनीला लावली होती. कामगारांना शिफ्टला न्यायचं, शिफ्ट सुटली की आणायचं.

बैल नसलेली घरं पोळ्याला मातीची जोडी पुजतात. सूनबाई तनुजाने ती चाकणच्या बाजारातून आणून ठेवली होती, शिंगांना चमकी लावलेली. आप्पांना ती बघून कसंतरीच झालं. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाचे खांदे मळायचे असतात. वर्षभर जू ओढून सोलवटलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. मातीच्या बैलाने कुठं जू ओढलंय? ओढते ती गाडी. पावसात, खड्ड्यांत, दिवसपाळी-रातपाळी एक करून. आता गाडीला खांदा कुठं असतो हे आप्पांना कोणी सांगितलं नव्हतं, पण ओझं इंजिन ओढतं एवढं त्यांना कळत होतं.

हळद देवघरातून घेतली. तूप मागायला गेलं तर तनुजा आधी कारण विचारणार, मग हसणार, आणि रात्री जेवताना ते दादासाहेबाला सांगणार. म्हणून आप्पा मागच्या भाड्याच्या खोल्यांकडे गेले. तिथं गणराज राहायचा, गाडीचा ड्रायव्हर, केजकडचा माणूस. तो शिफ्ट करून झोपला होता. त्याची बायको वर्षाली चुलीपुढून उठावं तशी गॅसपुढून उठली.

"वाटीभर तूप दे गं पोरी. गाडीचं खांदं मळायचं हायेत."

ती हसली नाही. तिच्या माहेरी अजून बैल होते. "आमच्याकडं पोळा श्रावणातच झाला आप्पा," ती म्हणाली. "थांबा, कोमट करून देते. गार तूप मुरत नसतंय."

दादासाहेब बाहेर गेला होता. आप्पांनी बॉनेट उचललं. आत सगळा नळ्यांचा आणि वायरींचा गुंता. वर एक जाड लोखंडी नळी आडवी होती. जू जसं मानेवर बसतं तशीच ती बसली होती, म्हणून आप्पांनी खांदा तोच धरला. नळीच्या टोकाला एक काळी टोपी वायरीला लागलेली होती. ती मधे यायला लागली तेव्हा त्यांनी जरा हिसडली, तर ती हातात आली. आत बारीक पितळी काड्या दिसल्या. तिथंही त्यांनी बोट फिरवलं. एकदा चोळायचं म्हटल्यावर हातचं राखून कशाला चोळायचं? मग टोपी होती तशी दाबून बसवली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," असं पूर्वापार म्हणायचं ते म्हटलं आणि बॉनेट लावलं. त्या रात्री त्यांना फार वर्षांनी पोळ्यासारखं वाटलं.

पोळा झाला आणि गाडी ठसकायला लागली.

आधी चढावर. मग सपाटीवरही मधेच दम तुटायचा. वेगाच्या काट्याजवळ पिवळा दिवा लागायचा आणि कितीही पाय दाबला तरी गाडी बैलगाडीच्या चालीनं चालायची. बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ शहाण्यासारखी वागायची. परतीचा पाऊस सुरू झालेला, तळेगाव रस्त्यावर कंटेनरांच्या रांगा, त्यात ही अशी चाल. मागून हॉर्न वाजायचे आणि आतल्या बाया घड्याळाकडं बघायच्या. गेटवर उशीर झाला की अर्धा दिवस कापला जातो, त्यांचा.

गणराजनं सांगितलं, "मालक, गाडी प्रेशर पकडंना. दाखवून आणा."

दादासाहेबानं ती पिंपरीला एका स्कॅनिंगवाल्याकडं नेली. त्यानं मशीन जोडलं, कोड वाचला, बॉनेट उघडायचे कष्ट घेतले नाहीत आणि निकाल दिला. डिझेलचा प्रेशर सेन्सर गेला. एक तर डिझेलमध्ये भेसळ, नाहीतर कुणीतरी मूळचा सेन्सर काढून डुप्लिकेट बसवलाय. असं हल्ली ड्रायव्हर लोक करतात, हेही त्यानं फुकटात सांगितलं.

ते फुकटातलं वाक्यच दादासाहेबाच्या डोक्यात बसलं. त्यानं गणराजला काही विचारलं नाही. फक्त डिझेल उतरवून टाकी धुवायला लावली. गणराज गोठ्यात चिखलात पाठीवर पडून दुपारभर गाडीखाली होता. डिझेल गळून त्याच्या मानेची कातडी लाल झाली. आप्पा ओट्यावर बसून बघत होते. गाडीला भेसळीचं खाणं मानवलं नसेल, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं आणि गेलं. आपल्या हळद-तुपाची त्यांना आठवणही झाली नाही. औषधावर कोण संशय घेतो?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला गाडी रस्त्यातच बसली. बाया भिजत चालत गेटवर गेल्या. कंपनीच्या ट्रान्सपोर्टवाल्या साहेबाचा फोन आला की आता पुन्हा असं झालं तर दुसरी गाडी लावतो.

दादासाहेब चौकातल्या स्टँडवर येऊन थांबला. तिथं शिफ्टच्या सगळ्या गाड्या लागतात, ड्रायव्हर चहा पितात. आप्पाही रोजच्यासारखे टपरीवर बसले होते. गणराज कशीबशी गाडी घेऊन आला तसा दादासाहेबानं हात पुढं केला.

"चावी दे. पिशवी काढ तुझी."

"पिशवी?"

"सेन्सर कुठं इकला? काढ पिशवी."

गणराजला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्यानं पिशवी बॉनेटवर रिकामी केली. डबा, ओला टॉवेल, तंबाखूची पुडी, औषधाची एक पट्टी. दादासाहेबानं डबासुद्धा उघडून बघितला. आत दोन चपात्या आणि लाल चटणी होती. पाऊस बारीक पडत होता, तो चपात्यांवर पडला.

"मालक, पाच वर्सं तुमची गाडी चालवतो मी," गणराज म्हणाला. "कधी डिझेलला हात लावला न्हाई."

"चोर कधी म्हनतो का चोरी केली म्हनून? उद्यापास्नं येऊ नको. खोलीपन खाली कर."

ड्रायव्हर लोक कपातल्या चहाकडं बघत राहिले. आप्पा मात्र बोलले. म्हाताऱ्या माणसानं अशा वेळी काहीतरी बोलायचं असतं म्हणून बोलले. "बाहेरचा मानूस शेवटी," ते म्हणाले, "किती जीव लावा." गणराजनं वळून त्यांच्याकडं पाहिलं. मग डब्याचं झाकण लावलं, पिशवी भरली आणि पावसातून चालत गेला.

गाडी मग शेखरच्या गॅरेजला ओढून नेली. शेखर गावातलाच, तोंडानं फाटका पण हाताला गुणी. आप्पा सोबत गेले. घरी बसून तरी काय करायचं होतं?

"सेन्सर बदल," दादासाहेब म्हणाला. "डुप्लिकेट हाय."

"कोन म्हनलं?" शेखरनं बॉनेट उचललं, बॅटरी तोंडात धरून आत वाकला आणि परत वर आला. "गाडीसंगं आलेलाच हाय हा. नंबर बघ की त्याच्यावरला. पान्हासुदिक लागलेला न्हाई त्याला."

दादासाहेबानं वाकून नंबर बघितला. आप्पा पुढं सरकले. म्हणजे चोरी झालीच नव्हती.

शेखरनं मशीन जोडलं. इंजिन बंद होतं तरी पडद्यावर प्रेशरचा आकडा दिसत होता. "हे बघ गंमत," तो म्हणाला. "हा सेन्सर म्हंजी डिझेलची नाडी बघनारा वैद्य. इंजिन बंद, नळीत दाब न्हाई, मग आकडा कुठनं आला?" त्यानं मीटर लावून वायरीत करंट येतोय का बघितलं. येत होता. मग दोन बोटांनी ती वायर नुसती हलवली. आकडा खालीवर नाचायला लागला. पुन्हा हलवली, पुन्हा नाचला.

"सेन्सर बिचारा बरोबर हाय. त्याचा निरोप मधीच अडतोय."

त्यानं नळीच्या टोकाची काळी टोपी धरली. ती खटका न दाबताच निघून आली. "लॉक बसलाच न्हाई हिचा," असं म्हणत त्यानं ती उजेडात धरली आणि थांबला. आत पिवळं, घट्ट काहीतरी भरलं होतं. काड्यांच्या बुडाशी पाणी लागून हिरवट गंज चढला होता. शेखरनं ते बोटावर घेतलं, चोळलं आणि नाकाला लावलं.

"तूप हाय हे," तो म्हणाला. "हळद आनि तूप."

आप्पांचा हात आपोआप पाठीमागं गेला. त्या बोटांना आता काही लागलेलं नव्हतं, तरी गेला.

"इंजिन तापलं की पातळ हुतंय, आत उतरतंय. गार झालं की थिजतंय. खड्ड्यात गाडी आदळली की काड्या सुटत्यात. दिवा लागतोय, इंजिन घाबरून सोताला आवरून घेतंय. पन हे इथं चोपडलं कुनी?"

दादासाहेबाचा चेहरा पालटला. हरवलेला पत्ता सापडावा तसा तो बोलला. "करनी हाय ही. त्यानंच केली. अमावास्या होती ना? तरीच म्हनलं गाडी एवढी का छळती."

"करनी करनारा सेन्सरवर कशाला करील? लिंबू-मिरची सोडून?"

"मग गाडी कुनाच्या हातात असती? ड्रायव्हरच्याच ना?"

"ते व्हय," शेखर म्हणाला आणि स्प्रेचा डबा शोधायला लागला.

आप्पांना बोलायचं होतं. शब्द जिभेपर्यंत आला होता. पण घरात अलीकडं त्यांचं काही चुकलं की तनुजा आणि दादासाहेब एकमेकांकडं बघून हसायचे, आणि ते हसणं आप्पांना शिवीपेक्षा लागायचं. टीव्हीचा रिमोट चुकला तरी हसायचे. आता तर कंपनीला लावलेली गाडी बुडवली होती. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि लघवीला जाऊन येतो म्हणाले. गॅरेजमागं गवतात ते नुसतेच उभे राहिले. शरम वाटत होती, आणि शरम वाटूनही तोंड उघडत नाही याची आणखी शरम वाटत होती.

शेखरनं टोपी आणि काड्या स्प्रेनं धुतल्या, जुन्या ब्रशनं गंज काढला, हवा मारून सुकवल्या आणि टोपी दाबली. या खेपेला लॉकचा 'टक' आवाज स्पष्ट आला. इंजिन चालू केलं. दिवा विझला. गाडी आपल्या मूळच्या आवाजात चालायला लागली, आणि तो आवाज आप्पांना ऐकवेना.

गावात बातमी गाडीच्या आधी पोचली. केजकडच्या ड्रायव्हरनं करणी केली. तनुजानं खोल्यांच्या बाजूचं दार लावून घेतलं आणि उंबऱ्यावर मीठ टाकलं. नळावर बायांनी वर्षालीला आधी भरू दिलं नाही. ती मागं उभी राहिली, सगळ्यांचं झाल्यावर तिनं हंडा लावला. आप्पा ओट्यावरून बघत होते. ती हंडा घेऊन समोरून गेली तेव्हा तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. तिला ठाऊक होतं. तूप तिनंच कोमट करून दिलं होतं. एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं, पण ती बोलली नाही, आणि का बोलली नाही हे आप्पांना उमगत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी भाकरीचं ताट तसंच बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते खोलीच्या दाराशी गेले. गणराज दोरीनं भांड्यांचं बोचकं बांधत होता.

"पोरी, तू सांगितलं का न्हाईस?" आप्पांनी विचारलं. दुसरं काही विचारायचं धाडस नव्हतं.

वर्षाली भांडी पुसत म्हणाली, "आमी सांगितलं असतं तर म्हनले असते, म्हाताऱ्यावर घालतेत. तुमीच सांगसाल वाटलं."

आप्पांनी दाराची चौकट धरली. "गणराज, चुकलं रं माझं. लई मोठं चुकलं."

गणराजनं गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली. "आप्पा, मला सांगून काय उपेग? मला म्हाईतच हाय मी काय केलं न्हाई ते. जिथं माझी पिशवी उघडली तिथं सांगा."

आप्पा तसेच चौकात गेले. चप्पल घालायचं राहून गेलं हे अर्ध्या वाटेत खडी टोचली तेव्हा कळलं. सेकंड शिफ्टच्या गाड्या लागत होत्या. दादासाहेब ड्रायव्हर नसल्यामुळं स्वतःच गाडी घेऊन उभा होता. तेच सगळे लोक, तीच टपरी. आप्पा मधोमध उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं. खांदेमळणी, हळद, वर्षालीचं तूप, काळी टोपी, सगळं. आवाज फुटत होता, पण सांगितलं.

क्षणभर कुणाला कळेना. मग कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळा स्टँड हसायला लागला.

"आप्पा, गाडीला पुरनपोळी तरी चारली का?"

"फोन काढ रं, आप्पा परत एकदा सांगा, व्हिडिओ करू."

दादासाहेबही हसला. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात टाकून तो म्हणाला, "आमचं आप्पा म्हंजी बी ना राव. चला घरी सोडतो."

आप्पांनी तो हात खाली काढला. आयुष्यात ते मुलाला चारचौघांत तोंडावर बोलले नव्हते.

"गणराजनं केलं तवा ती करनी," ते म्हणाले. "मी केलं तवा गंमत व्हय रं? त्याची पिशवी उघडली तवा कोन हसलं न्हवतं. मीबी न्हाई. मी तर बाहेरचा म्हनलो त्याला."

हसणं थांबलं. ज्यानं फोन काढला होता त्यानं तो खिशात घातला. मग सगळ्यांची नजर आपल्यावर आहे हे जाणवून दादासाहेबानं गणराजला फोन लावला.

"गाडी नीट झाली रं. ये कामावर."

पलीकडून काहीतरी विचारणं झालं.

"स्टँडवरच हाय. व्हय, सगळे हायेत." गणराजनं फोन स्पीकरवर टाकायला सांगितलं तसे दादासाहेबानं ओठ आवळले आणि आवाज मोठा केला. गणराजचा साधा, थकलेला आवाज टपरीपर्यंत ऐकू आला. "मग त्यांना सांगा मालक. मला नका सांगू."

चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. शेवटी दादासाहेब म्हणाला, "गणराजनं काय केलेलं न्हाई. चोरी न्हाई, करनी न्हाई. माझं चुकलं." आणि फोनकडं बघून, "आता येतो का?"

"न्हाई मालक. तळेगावला खोली बघितली. तिथंच गाडीवर लागतोय."

फोन बंद झाला. दादासाहेब कुणाकडंही न बघता गाडीत बसला. शिफ्ट सुटलेल्या बाया गेटवर ताटकळत होत्या. गाडी झोकात निघून गेली, कुठंही न ठसकता.

दुपार कलल्यावर खोल्यांपुढं छोटा हत्ती टेम्पो लागला. सामान फार नव्हतं. लोखंडी कपाट तेवढं जड होतं आणि गणराज एकटा ते उंबऱ्यावरून काढत होता. आप्पांनी दुसरं टोक धरलं. गणराज नको म्हणाला नाही. कपाटाच्या कडेनं आप्पांचा तळहात कापला. दोघांनी ते टेम्पोत चढवलं आणि गणराज दोऱ्या बांधायला लागला. तनुजा दारातून बघत होती. तिनं चहा केला होता. तो तसाच गार झाला.

निघताना वर्षालीनं पदर डोक्यावर घेतला. घर सोडताना घरातल्या वडीलधाऱ्याच्या पाया पडायचं असतं. तिला तसंच शिकवलं होतं. ती आप्पांपुढं वाकली.

आप्पा झटकन मागं सरले. "नको गं पोरी," ते म्हणाले.

ती वाकलेलीच होती. त्यांचे पाय आता तिथं नव्हते. जिथं ते होते त्या मातीला तिनं हात लावला, तो कपाळाला लावला आणि टेम्पोत जाऊन बसली.